एक पेर पाणी

खोक्यातून निघालेला राइस कुकर बघून म्हातारीला हसूच आलं. भातुकलीतला वाटावा एवढासा! आत पातेलं, वर काचेचं झाकण, सोबत तांदूळ मोजायचा प्लास्टिकचा कप.

"अरे, एवढ्याशात तिघांचा भात कसा मावायचा? मोठा नव्हता का दुकानात?"

मुलगा वायर उलगडत राहिला. "होता."

"मग?"

"हा तुझा आहे, आई. तुझ्या खोलीत ठेवू. तुला हवा तेव्हा, हवा तसा करून घे. आमचा भात आम्ही करू."

म्हातारीने थेट सुनेकडे पाहिलं. सून ओट्याशी भाजी चिरत होती, ती चिरतच राहिली. पातेल्यात बोट बुडवून पाणी मोजायची आपली सवय हिला आवडत नाही, हे म्हातारी केव्हाच ओळखून होती. तांदळावर एक पेर पाणी, जन्मभर हाच हिशोब. भात कधी गिच्च नाही की कच्चा नाही. आता बोटांची सालं निघतात, भेगांत मलम भरावं लागतं, हे खरं. परवा भाताला त्या मलमाचा वास आला, हेही खरं. पण म्हणून काय चूल वेगळी करायची?

"माझी किळस येते म्हण ना सरळ," ती सुनेला म्हणाली. "नवऱ्याच्या आडून कशाला बोलतेस?"

सुनेने सुरी खाली ठेवली. "आई, मी तिघांपुरता मोठा आणा म्हटलं होतं. आत पाण्याच्या खुणा असतात, बोट घालायलाच नको, एवढंच माझं म्हणणं. हा छोटा यांनी निवडला."

म्हातारी मुलाकडे वळली. "काय रे?"

"नुसत्या वासाचं नाहीये ते," तो हातातल्या प्लगकडे बघत म्हणाला. "घास तोंडात घेतला की तुझं बोट दिसतं मला. परवा बाथरूममध्ये जाऊन ओकलो मी. रोज रोज जेवल्याचं नाटक किती करायचं?"

"अहो, हळू," सून पुटपुटली.

आता हळू कशाला? याच बोटांनी तिने त्याला भरवलं होतं, आजारपणात तोंड उघडत नव्हता तेव्हा गाल दाबून औषध पाजलं होतं. आणि हा चोरून ओकतो, वर बायकोवर आळ आलेला मुकाट ऐकून घेतो! म्हातारीला पोटच्या पोराची शिसारी आली.

"दे इकडे," ती म्हणाली. तिने कपाने तांदूळ घातले, खुणेपर्यंत पाणी ओतलं आणि बटण दाबलं. भात होईपर्यंत सुनेने भाजी शिजवून घेतली. झाकण काढलं तर भात मोकळा, पांढराशुभ्र झालेला. बोट न लावता असा झाला, हे तिला जास्तच झोंबलं.

तिने ताट वाढून घेतलं, भातावर भाजी घेतली, कालवून घास उचलला. तो ओठांशी आला आणि भेगेतलं पिवळट मलम तिच्या नजरेला पडलं. तिने घास पुन्हा ताटात ठेवला आणि हात धुऊन आली. तरी हात ताटाकडे जाईना.

"सूनबाई," ती म्हणाली, "जरा चमचा दे गं."