तेल खाणारे जंतू

घाटात ट्रक तिसऱ्यांदा सुरू झाला, मिनिटभर धडधडला आणि बंद पडला. ड्रायव्हर दाऊदचाचांनी डिझेलचा फिल्टर उघडला. आत पुन्हा डिझेलवर वाढलेल्या जंतूंची तीच बुळबुळीत साय. मागे इस्पितळाचे ऑक्सिजन सिलिंडर तसेच खोळंबलेले.

“समुद्रात सांडलेलं तेल खायला ज्यांनी हे जंतू सोडले आणि आता टाक्यांतलं डिझेलही नासवलं, त्यांना इथे आणून उभं करायला हवं!” चाचा कडाडले.

सिलिंडरांसोबत निघालेली शास्त्रज्ञ शुभदा म्हणाली, “उभीच आहे मी. जंतू मीच बनवले.”

चाचांनी फिल्टर तिच्या हातात ठेवला. “मग धुवा. पोचेपर्यंत तुम्हीच धुवायचा.”

दुपारी ट्रक इस्पितळात पोचला. एका रुग्णाच्या बायकोने शुभदाचे फिल्टर धुऊन काळेकुट्ट झालेले हात धरले. “देवासारख्या धावून आलात, बाई!”

शुभदाला मान वर करता आली नाही.