सरकारी हातोडा

"पेटीची किल्ली कुणाकडे असते, देवराम?"

"मेरे पास, साहबजी," वनरक्षक म्हणाला.

टेबलाशेजारी धावड्याचा धुळकट ओंडका पडला होता. दसऱ्याच्या सुमारास राखीव डोंगरातली एकोणीस झाडं तुटली, आणि चौमूं नाक्यावर पकडलेल्या ओंडक्यांवर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा निघाला. त्या ठशाशिवाय लाकूड नाका ओलांडत नाही, आणि जयपूरच्या कचेरीत हातोडा एकच, कुलपाच्या पेटीत. कायदा कडक राबवा, असं वरून पत्र आलेलं. वनाधिकारी आनंदरावांना पत्राची गरज नव्हती. बोडका डोंगर पाहिला की ते तुटलेले बुंधे मोजत बसायचे.

"खरं काय ते सांग."

देवरामने वाकून ठसा बोटाने चाचपला. मग त्याने मान वर करून साहेबांकडे पाहिलं. त्याची पोरगी तापाने फणफणली तेव्हा याच साहेबांनी तिला जीपमधून इस्पितळात नेलं होतं.

"मुझसे हुआ, साहबजी."

दुपारी आदर्श नगरच्या घरी आनंदरावांनी अर्धं ताट बाजूला सारलं. "पंधरा वर्षांची नोकरी. फाल्गुनात पोरीचं लग्न. आणि हा तुरुंगात."

"गरीब माणूस आहे, दाजी. तंबी देऊन सोडा," मेहुणा विलास म्हणाला. तो चौमूंच्या एका लाकडाच्या वखारीत कारकून होता, नवरात्रापासून इथेच मुक्कामाला.

"सोडायला डोंगर माझ्या बापाचा नाही."

"किल्ली त्याच्याकडे ठेवलीत, तिथंच चुकलं," त्यांची बायको तारामती म्हणाली. "खंडेनवमीला हातोडा घरी पुजायला आणलात, तेव्हा किती जपलात."

जपला होताच. दोन दिवस तो देवापुढे होता, कुंकवाने माखलेला. पेटीत परत ठेवण्याआधी आनंदरावांनी तो स्वतः राखेने घासून लख्ख केला. सरकारी वस्तूची हेळसांड त्यांना खपत नसे.

तिसऱ्या प्रहरी कचेरीत त्यांनी अटकेच्या कागदावर सही केली. देवरामने पितळी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. जाता जाता त्याने ओंडका पायाने फिरवला, ठसा जमिनीकडे गेला. लाज वाटली असेल, आनंदरावांना वाटलं.

"बिटिया के ब्याह में आना, साहबजी," एवढंच बोलून तो शिपायाबरोबर गेला.

पंचनाम्यात ठशाचं वर्णन लिहायचं राहिलं होतं. आनंदराव उकिडवे बसले, ओंडका उलटा केला आणि ठशावरची धूळ अंगठ्याने पुसली. अक्षरांच्या खोबणीत कुंकू साकळलं होतं.