भिंतीवरची मान

बाबांच्या मानेवर जांभळी गाठ आली, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं. महिन्याभरात ती बोराएवढी झाली. बाळाला कडेवर घेऊन मी बाबांसोबत पुन्हा गेले आणि मलमाची रिकामी ट्यूब गाठीशेजारी धरून दाखवली.

"अहो ताई, साधी गाठ आहे. बाळ सांभाळा, मोबाईलवर रोग शोधत बसू नका," असं हसून म्हणत त्यांनी एक फोटो काढून ठेवला.

दुसरीकडे तुकडा तपासला, तर त्वचेचा दुर्मिळ कॅन्सर निघाला. ऑपरेशनात मूठभर मान गेली. जुने कागद हवेत म्हणून मीच त्या डॉक्टरांना हे फोनवर कळवलं.

काल कागद आणायला गेले, तर दवाखान्याच्या भिंतीवर बाबांची मान. खाली ठळक अक्षरांत, 'दुर्मिळ कॅन्सर आम्ही वेळीच ओळखला.'



फोटोत गाठीशेजारी माझी बोटं तशीच होती, आणि बोटांत त्यांनीच दिलेली ती रिकामी ट्यूब.