सेट उचलायचा नाही

"शामकांत कुलकर्णी इथंच ऱ्हातात ना?"

दमयंतीबाईंनी सुई लष्करी शर्टाच्या काजात तशीच रोवून ठेवली आणि मान वर केली. ओट्याखाली सायकल टेकवून एक माणूस उभा होता. काखेत कातडी पिशवी, धोतरावर नगर-भिंगार रस्त्याची धूळ.

"कचेरीत गेलेत," त्या म्हणाल्या. "काय काम होतं?"

"मी बन्सी. नगरच्या रेडिओच्या दुकानातून आलोय, वसुलीला. चार हप्ते थकलेत. मालक म्हनले, पैशे आन, न्हाईतर सेट आन."

मंगळवार होता. आकाशवाणीवरच्या कीर्तनाचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. बुवांचा पूर्वरंग सरत आला होता, आणि झांजा अशा बेतानं वाजत होत्या की शब्दाला धक्का लागू नये. बन्सीनं कान दिला.

"सेट ठणठणीत हाय की."

"हळू बोला. आत आजारी माणूस आहे." दमयंतीबाईंनी शर्ट बाजूला सारला. "बसा. पाणी देते."

दुष्काळाचं वर्ष. तांब्या अर्धाच भरलेला होता. बन्सीनं तो घोटाघोटानं संपवला आणि मिशा पुसल्या.

"तुमी त्यांच्या घरच्या?"

"घरचीच. कागद दाखवा."

कागद त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला. सेट कधी घेतला, कितीला घेतला, सही कशी केली, सगळं बारकाईनं पाहिलं. बन्सी हसला.

"तुमाला ठाऊकच नव्हतं जनू."

"नव्हतं."

"समदीकडं ह्येच. गडी हप्त्यानं आनतो आन घरात सांगतो, रोख मोजले."

"शहाण्णव राहिलेत म्हणायचे."

"व्हय. हप्ता सोळाचा. चार थकले, म्हंजी चौसष्ट आज पायजेत."

"महिना सहा देईन," दमयंतीबाई म्हणाल्या.

"काकू, सहा रुपयं हा काय हप्ता झाला? मालक मलाच इकून टाकतील."

"ऐकून घ्या. एका शर्टाची काजं केली की शिंपी मला दहा पैसे देतो. रेशन, रॉकेल, औषध जाता महिन्याकाठी सहा उरतात. सोळा कबूल करणं अवघड नाही, जीभच हलवायची. पण पुढच्या महिन्यात तुम्ही रिकामे परत जाल. सहा म्हटले तर सहा मिळतील."

"आन सायबांचा पगार?"

दमयंतीबाईंनी दोरा दातानं तोडला. "त्याचं मला विचारू नका. हे पैसे माझे आहेत."

बन्सी चुळबुळला. "मग मी कचेरीतच जातो. त्यांनाच इचारतो."

"कचेरीत जायचं नाही." आवाज चढला नाही, पण बन्सी उठता उठता थांबला. "चारचौघांत माणसाची मान खाली घालायची. आजवर अशा कितींच्या कचेऱ्या गाठल्यात? पैसे आले?"

"पैशे न्हाई आले," बन्सी पिशवीच्या बंदाशी खेळत म्हणाला. "एकाची नोकरी गेली तेवढी."

बुवांनी उत्तररंगाला हात घातला होता.

"काकू, एक सुचवू? सेट देऊन टाका. बाकी समदी माफ. मालकाला मी पटवतो. सोळा महिने बोटं फोडून घेनार तुमी, एका डब्यापायी?"

"डबा म्हणू नका."

बन्सीनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. लुगड्याला दोन ठिगळं, हातात पितळी बांगडी. रेडिओ असलेल्या घरातली बाई अशी दिसत नाही, हे त्याच्या मनात येत होतं. तेवढ्यात बुवांनी चाल वर नेली आणि तो विचार तिथंच राहिला.

"माजा बाप टाळकरी हुता," तो म्हणाला. "पारनेरकडं सप्ता असला की आमी घरात सापडत न्हवतो. ह्या धंद्यात पडल्यापासून कीर्तन असं बसून ऐकलंच न्हाई बघा. दारात हुबा ऱ्हातो आन शिव्या खातो."

"मग महिन्यातून एका मंगळवारी येत जा. याच वेळेला, याच ओट्यावर. सहा रुपये घ्या आणि अभंग संपेपर्यंत बसा. पण लिहून द्यायचं."

"काय लिवू?"

"महिना सहा कबूल. व्याज चढवायचं नाही. वसुली याच दाराशी, दुसरीकडं कुठं विचारणा करायची नाही. आणि सेट उचलायचा नाही."

"तुमी वकिलाच्या घरच्या का काय?"

"हरिदासाच्या. नीट अक्षरात लिहा."

बन्सीनं कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं. दमयंतीबाईंनी वाचलं, 'व्याज' शब्द पुसट होता तो पुन्हा गिरवायला लावला, आणि कनवटीची पुरचुंडी सोडली. सुटी नाणीच जास्त होती. सहा रुपये भरले. खाली बन्सीनं आपलं नाव लिहिलं, त्यांनी आपलं.

सायकलवर टांग टाकताना तो म्हणाला, "शामकांतराव नशीबवान हायेत."

सायकल वळणाआड जाईपर्यंत दमयंतीबाई ओट्यावर उभ्या राहिल्या. मग आत आल्या.

त्यांचे यजमान, यज्ञेश्वरबुवा, भिंतीला कान लावून पडले होते. अर्धांगानं त्यांची वाचा नेली, त्याला वर्ष होत आलं होतं. उजव्या हाताची बोटं गोधडीवर ताल धरत होती. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, कोण होतं?

"पत्ता चुकला होता कुणाचा तरी," त्या म्हणाल्या आणि त्यांची उशी सारखी केली.

भिंतीपलीकडे, वाटणीपासून मागच्या आळीला दार काढून राहणाऱ्या आणि अकरा वर्षांत ज्यांच्याशी एक शब्द झाला नव्हता त्या शामकांत दिराच्या घरात, जावेनं रेडिओ आणखी थोडा भिंतीलगत सरकवला.