हिरव्या दिव्याची वाट

सुज्ञ वाचकहो, एका शर्यतपटूचे काळीज कसे विझले, याची शोकपूर्ण हकीकत येथे सादर होत आहे.

पन्हाळ्याच्या पायथ्याशी मोटारशर्यतीचा अखेरचा फेरा सुरू झाला, तेव्हा धैर्यशील खानविलकर दुसऱ्या स्थानी होता. पुढील मोटार दमली होती; तरीही त्याच्या मोटारीतला, स्टिअरिंगसमोरचा दिवा तांबडाच होता. ओव्हरटेकचे विश्लेषण करणारे सॉफ्टवेअर प्रत्येक चालकाचे जुने प्रयत्न आणि समोरची संधी तपासून त्या दिव्यानेच निर्णय देई, आणि हिरव्या दिव्यावाचून पुढे जाणारा तत्काळ बाद होई. ओव्हरटेक करताना झालेल्या एका जुन्या अपघातापासून धैर्यशीलला तो दिवा लाभलाच नव्हता.

"मर्दा, आज फुडं न्हाई गेलास तर मालक दुसरा गडी घेणार हाय," कानातल्या रेडिओवरून मेकॅनिक रसूलमामा बोलले.

"दिवा लागू दे की, मामा."

"लागंल. पाय तेवढा जागा ठेव. वरातीत बसल्यागत चाललायस!"

शेवटच्या वळणावर पुढील मोटार आणखी मंदावली आणि दिवा हिरवा झाला. उजवीकडे रस्ता मोकळा होता.

"घाल की!" मामा ओरडले.

धैर्यशील दिव्याकडेच पाहत राहिला. तो पुन्हा तांबडा होईल, या धास्तीने त्याच्याकडून ॲक्सिलरेटर दाबला गेलाच नाही. पुढची मोटार रेषा ओलांडून गेली.

गाडी थांबताच मामा धावत आले. "दिवा बिघडला व्हता काय रं?"

धैर्यशीलने हेल्मेट मांडीवर ठेवले.

"न्हाई मामा. चांगला हिरवा हुता."

ही दुःखद कथा आपण सहृदयतेने वाचलीत, याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
महिपती ज्ञानू तोडकर