उघडं बॉनेट

"हे कुठल्या गाढवानं केलंय?"

बॉनेट वर जाताच वितोमिर मिस्त्रीनं विचारलं. चाळीस वर्षं तो हाच प्रश्न विचारत आला होता. त्यात नवल काही नव्हतं. त्या गावात न्हावीसुद्धा गिऱ्हाइकाची मान हातात घेतली की आधी हेच विचारायचा.

"रास्तकोनं," दोब्रिला म्हणाली. ती गुरांची डॉक्टर. तिच्या जुन्या रशियन जीपमधलं दमलेलं इंजिन काढून रास्तकोनं तिथे एक इटालियन डिझेल इंजिन बसवलं होतं. "काका, उद्या यावोर डोंगराचा चढ चढायचाय. इंजिन गार करणारा पंखा वेळेवर लागेल ना, तेवढं बघून सांगा."

रास्तको म्हणजे वितोमिरचाच मुलगा. इंजिनं बदलणारा मिस्त्री नव्हे, खाटीक, असं बाप चारचौघांत म्हणाला होता आणि मुलानं पुलापलीकडे आपलं वेगळं गॅरेज थाटलं होतं. दोन वर्षं दोघांत शब्द नव्हता. आता रास्तकोनं ऑस्ट्रियातल्या लिंझच्या बसचं तिकीट काढलंय, रविवारचं, आणि तेही फक्त जायचं, ही बातमी गावभर झाली होती. "जाऊ दे की," वितोमिर भेटेल त्याला सांगायचा. मनातून मात्र त्याची पाचावर धारण बसली होती.

त्याचा हात बॉनेटच्या टेकूकडे गेला. दोब्रिलानं श्वास रोखला. गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरची गाडी आली होती, तेव्हा वितोमिरनं आत एकदाच डोकावून पाहिलं, तोंडातून अक्षर काढलं नाही, हळूच बॉनेट लावलं आणि तो कॉफी प्यायला निघून गेला. दुसऱ्याच दिवशी त्या बिचाऱ्यानं गाडी भंगारात घातली.

पण वितोमिरनं टेकू फक्त नीट बसवला आणि तो आत वाकला.

"पट्ट्यावर फिरणारा पंखा काय वाईट होता? इंजिन फिरलं की पंखा फिरला! आता इंजिन एवढं लांबडं आणलंय की पुढे चार बोटं जागा उरली नाही. मग लावा विजेचा पंखा, लावा खटके. चालू करा!"

तिनं गाडी चालू केली. तापमानाचा काटा चढू लागला. वितोमिर रेडिएटरच्या नळीवर हात ठेवून उभा राहिला. ब्याण्णववर पंखा घुमला. सत्त्याऐंशीवर थांबला.

"योगायोग," तो म्हणाला. "पुन्हा."

पुन्हा ब्याण्णव, पुन्हा सत्त्याऐंशी.

"दिवे लावा. वायपर लावा. हॉर्न दाबून धरा!"

समोरच्या बेकरीवाल्या बाईनं खिडकीतून शिवी हासडली. पंखा घुमला आणि दिवे जरासुद्धा मंदावले नाहीत.

दोब्रिलानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"घड्याळ काय बघताय? गाय अडलीय का कुठे?"

"नाही काका. चालू द्या तुमचं."

"चालू द्या म्हणे! हे बघा, बॅटरीपासून थेट वायर. केवढी जाड! म्हशीला बांधायचीय की काय? आणि हा पंख्याचा खटका, हा रिले, तोंड खाली करून लटकवलाय. वटवाघूळ आहे का तो?" तो मध्येच थांबला. तोंड खाली केलं की पाणी आत शिरत नाही. हे रास्तकोला त्यानंच शिकवलं होतं, बोटांवर पाना मारून मारून. "चोर! माझंच चोरलंय!"

त्यानं दिवा आत नेला. अर्थिंगची वायर जिथे बसवली होती तिथला रंग खरवडून पत्रा उघडा केलेला होता आणि वर व्हॅसलीनचा थर होता. वितोमिर त्या जागेवरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याला स्वतःचाच भयंकर राग आला.

"व्हॅसलीन थापलंय की पावावर साय! मूर्ख! नालायक! फ्यूज पण असा ठेवलाय की अंधारातसुद्धा हाताला लागावा. एवढे लाड कशाला? आणि ही वायर अशी वळवून आणली असती तर वीतभर वाचली असती. अक्कल नाही. त्या लिंझवाल्यांना भोगू दे त्याची कर्मं!"

दोब्रिलानं बॉनेटकडे हात नेला. "लावू का मग, काका? झालं ना बघून?"

"हात लावू नका!" तो ओरडला. "माझं अजून काहीच झालेलं नाही. हा दिवा धरा."

तिनं दिवा धरला नाही. ती दोन पावलं मागे सरकली आणि तिनं खिशातून फोन काढला.

"रास्तको, चाळीस मिनिटं झाली. बॉनेट लावायला तयार नाहीत, अजून शिव्याच घालतायत. तू म्हणाला होतास ना, बाबांनी गुपचूप बॉनेट लावलं तरच जाईन. आता ते तिकीट परत कर."