आईचं ताट

आत्म्यांच्या सणाला मरून गेलेली माणसं वाऱ्यावरून येतात आणि बरोब्बर दुपारी बाराला आपल्या घरी जेवायला बसतात. आई गेल्यानंतरचा हा पहिलाच सण. म्हणून एल्विरा सहा वर्षांनी शहरातून डोंगरावरच्या गावी आली होती. तिनं टेबलावर उसाची कमान उभारली, पावाच्या बाहुल्या मांडल्या आणि मधोमध आईच्या आवडीचा, मिरच्या वाटून केलेला डुकराच्या मटणाचा लालभडक रस्सा ठेवला.

शेजारची फोर्तुनाता मावशी प्रार्थनेला आली.

"बाहुल्यांची नाकं झकास जमलीत गं! शहरात राहून हात नाही विसरलीस." मग रश्श्याचा वास आला नि ती वाडग्यावर वाकून बघू लागली.

"काय गं मावशी? मीठ कमी वाटतंय?"

"मीठ नाही, पोरी. मिरची सोडली होती तुझ्या आईनं. पोटात आग पडायची. चार वर्षं किन्व्याच्या दाण्यांच्या दूधपेजेवर होती."

"फोनवर तर म्हणायची, आजच केलं होतं मटण!"

"तू दर फोनला त्या मटणाची आठवण काढायचीस ना. तुझा हिरमोड नको, म्हणायची."

एल्विरा चुलीकडे धावली. "आत्ता टाकते पेज."

"बारा वाजत आले, राहू दे." मावशीचा आवाज अगदी खाली आला. "उपाशी नाही जायची ती. मी मांडलंय तिचं ताट, माझ्या घरी."

चर्चची घंटा वाजू लागली. एल्विरानं खांद्यावर शाल घेतली.

"मावशी, मी येऊ तुझ्याकडे? आईला भेटायला?"